पान एकशे त्रेसष्ट

टाउन हॉलच्या ग्रंथालयात
शिपायाने कापडात बांधलेला खंड आणून ठेवला,
म्हणाला, मॅडम, सावकाश उलटा, कागद मोडतो.
मी सावकाश उलटला.

पान एकशे त्रेसष्टवर आम्ही होतो.
सगळेच्या सगळे, अडीच पानांत.
उंची बेताची. नाक बसकं,
नाकाला आकडाही दिलेला, दशांशासकट.
स्वभाव भित्रा, ताडीचा नाद,
'तत्त्वविचार म्हणावा असे यांच्यात काही आढळत नाही.'
आणि शेवटी शेवटी एक ओळ :
'मेलेल्याचा जीव खेकड्यात जातो अशी यांची दृढ श्रद्धा आहे.'

मी मोठ्याने हसले.
समोरचा अभ्यासक चष्म्यावरून बघायला लागला.
त्याला काय सांगू?

आरेतल्या आमच्या पाड्यावर
ही गोष्ट पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.
साहेब आला तो ऐन आवणीत.
माणसं गुडघाभर चिखलात, हातात रोपांच्या मुठी,
आणि हा विचारतो, मेल्यावर जीव कुठे जातो.
जान्या, माझ्या पणजोबाचा बाप,
तीन दिवस घोंगडीवर बसवून ठेवलेला,
नाकाला लोखंडी चिमटा लावून मोजलेला.
मधे एक दुभाष्या,
अर्धं ऐकायचा, पाऊण सांगायचा.
जान्याला भूक लागली होती.
बांधावरून एक चिंबोरी तिरकी तिरकी चालली होती.
तो म्हणाला, तिच्यात.

दुभाष्याने सांगितलं, साहेबाने लिहिलं.
रात्री त्याच चिंबोरीचं कालवण झालं
आणि जान्याला म्हणे हसताना ठसका लागला.

मी ती ओळ वहीत उतरवून घेतली.
हसू आवरून, काना-मात्रा तपासून.
कारण भाचीला, रसिकाला, नर्सिंगला जायचंय,
दाखला आहे, पडताळणी राहिलीय,
आणि समिती आम्हाला
जुन्या पुस्तकांशी ताडून बघते.

आठवडाभर पाठ करून घेतलं तिच्याकडून.
देव कोणते, लग्नात खांब कशाचा,
बाळंतिणीला काय वर्ज्य.
जे आम्ही करतो ते नाही,
जे आम्ही करतो असं लिहिलंय ते.

'तुमच्यात मेल्यानंतर जीव कुठे जातो?'
सरांनी विचारलं, मान वर न करता.
रसिकाला बारावीला जीवशास्त्रात ब्याण्णव.
ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, खेकड्यात, सर.
घरी आम्ही चिंबोरी म्हणतो,
पण पुस्तकात खेकडा आहे.

सरांनी बरोबरची खूण केली.
जान्याच्या थट्टेवर शिक्का बसला
आणि आम्ही आम्हीच आहोत हे सिद्ध झालं.

परत येताना पेढे घेतले. पेढे गोड होते.
तरी घशात काहीतरी अडकलेलं,
तिरकं.

आणि आई.
बाबा गेल्यापासून आई चिंबोरी खात नाही.
मी म्हटलं, अगं, तुला गोष्ट माहीत आहे ना?
म्हणाली, तुझ्या आधीपासून.
म्हणाली, इतकी वर्षं लिहून ठेवलंय,
एखादा गेलाही असेल चुकून.

मग जान्याला खरं काय वाटायचं?
आई तांदूळ निवडत होती.
एक खडा बाजूला काढून म्हणाली,
ते त्याने बोलून दाखवलं असतं
तर त्याही पानावर आलं नसतं का?

रात्री पाड्यामागच्या ओढ्यावर गेले.
पलीकडे कारशेडचे दिवे, पाण्यात थरथरणारे.
दगडावरून एक चिंबोरी आली,
डोळे उंचावून माझं माप घेतल्यासारखी थांबली.
मी पाय मागे घेतला.

का घेतला, विचारू नका.
फारच विचारलंत
तर काहीतरी सांगेन.